निळं-हिरवं शेवाळ आणि कोंबडी : एका पूरक खाद्याचा इतिहास

विषय जरा चमत्कारिक वाटेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने कोंबडीच्या खाद्यावर बोलायचं, आणि तेही रनाळ्यात, जिथे समोर बसलेल्या कितीतरी घरांत कोंबड्या आहेत. कोंबडी कशी पाळावी हे मी सांगणार नाही, ते तुम्हाला जास्त कळतं. माझा प्रश्न वेगळा आहे. 'अमुक दिलं म्हणून तमुक झालं' असं आपण केव्हा म्हणू शकतो? हा आमच्या न्यायदर्शनातला फार जुना प्रश्न. हल्ली तो हिरव्या पावडरीच्या पाकिटावर छापून येतो. पावडर स्पिरुलिनाची, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाची. ती खाद्यात मिसळा, कोंबड्या निरोगी राहतील, अंडी जास्त फळतील, रोगप्रतिकारशक्ती वाढेल, असं सांगितलं जातं. पाकिटाला पैसे पडतात, आणि ज्या बाईच्या दारात दहा कोंबड्या आहेत तिच्या दृष्टीने ते पैसे थोडे नाहीत. म्हणून या दाव्यांचा इतिहास बघायचा.

आधी 'पूरक' हा शब्द घ्या. प्राणायाम करणाऱ्यांना तो माहीत आहे, पूरक, कुंभक, रेचक. पूरक म्हणजे भरणारं. मग विचारायचं, कमी काय पडलं होतं म्हणून भरायचं? आणि कुणी कमी केलं?

गावरान कोंबडी सकाळी खुराड्यातून सुटते आणि थेट उकिरड्यावर जाते. तिथे काय मिळतं? किडे, अळ्या, सांडलेले दाणे, कोवळं गवत, शेणातले न पचलेले कण आणि वाळू. आपण त्याला घाण म्हणतो. गंमत अशी की विसाव्या शतकातल्या जीवनसत्त्वांच्या शोधाचा बराचसा इतिहास हा कोंबडीला उकिरड्यापासून तोडल्यावर काय झालं याचाच इतिहास आहे.

पहिली गोष्ट जावा बेटावरची, १८९० च्या दशकातली. क्रिस्तियान आयकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचं कारण शोधत होता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला, सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात मिळत होता. मग स्वयंपाकी बदलला. नव्या माणसाने लष्कराचा भात नागरी कोंबड्यांना द्यायला नकार दिला आणि त्या पुन्हा कोंड्यासकट तांदूळ खाऊ लागल्या. एका खडूस स्वयंपाक्यामुळे वैद्यकाला वाट सापडली, असं म्हणायला हरकत नाही. कोंड्यात काहीतरी होतं. पुढे त्याला 'ब-१' नाव मिळालं, आणि १९२९ साली आयकमनना नोबेल.

दुसरी गोष्ट कोपनहेगनची. हेन्रिक डाम यांनी १९२९ च्या सुमारास पिल्लांना स्निग्ध पदार्थ काढून टाकलेलं खाद्य दिलं, तर पिल्लांच्या अंगात रक्तस्राव होऊ लागला, रक्त गोठेना. हे थांबवणारा पदार्थ लसूणघासासारख्या हिरव्या चाऱ्यात सापडला. तेच 'के' जीवनसत्त्व.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण ती सरळ उकिरड्याचीच आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात सोयाबीन पेंडीवर पोसलेल्या कोंबड्यांची अंडी नीट उबत नव्हती, निघालेली पिल्लं तग धरत नव्हती. खाद्यात वाळवलेलं गाईचं शेण घातलं तेव्हा सुधारणा दिसली. शास्त्रज्ञांनी त्याला शेणातला घटक असंच म्हटलं. पुढे १९४८ साली 'ब-१२' वेगळं काढलं गेलं आणि या कोड्याचा उलगडा झाला. म्हणजे उकिरडा उकरणाऱ्या आपल्या कोंबडीला जे फुकट मिळत होतं, ते शेडमधल्या कोंबडीसाठी आता कारखान्यात बनवायला लागलं.

शेड आपल्याकडेही आल्या. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हे या उद्योगाचं एक केंद्र झालं, १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं. हे फार मोठं काम आहे, त्याला नाव ठेवायला मी उभा नाही. पण पिंजऱ्यातली कोंबडी स्वतः काही निवडत नाही. मका, पेंड, मासळी, क्षार, जीवनसत्त्वं, सगळं माणसाने मोजून द्यायचं. जे विसरलं ते कमी पडलं. पूरक खाद्याचा बाजार इथे जन्मतो.

आता शेवाळाकडे. आपण शेवाळ म्हणतो खरं, पण शास्त्राच्या हिशेबात हे जिवाणू आहेत, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरायला सुरुवात केली ती यांच्याच पूर्वजांनी. भातशेती करणाऱ्यांना यांची एक जात खत म्हणून माहीत असते. भाताच्या खाचरातलं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र जमिनीत आणतं, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवलं. स्पिरुलिना ही वेगळी जात. तिला खारं, सोड्याचं पाणी लागतं, सामू नऊच्या वर. असं पाणी महाराष्ट्रात कुठे आहे? लोणारला. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या उल्काविवरातलं पाणी वर्षानुवर्षं हिरवं दिसतं ते मुख्यतः या शेवाळामुळे. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा वर्तमानपत्रांत केवढी चर्चा झाली, आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण मीठ आवडणारे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं.

लोणारच्या तळ्यातून लोकांनी क्षार काढला. शेवाळ खाण्याची रीत मात्र उभी राहिली ती दुसरीकडे. मेक्सिकोत अझ्टेक लोक तेस्कोको सरोवरातलं शेवाळ गोळा करून, वाळवून त्याच्या वड्या बाजारात विकत. सोळाव्या शतकात स्पॅनिश सैन्यासोबत आलेल्या बेर्नाल दियास याने त्याची नोंद केली आहे. आफ्रिकेत चाड सरोवराजवळच्या कानेम भागात बायका तळ्यातून शेवाळ गाळून वाळूवर पसरतात, त्याच्या वड्यांना 'दिहे' म्हणतात आणि कालवणात घालतात. १९४० मध्ये दांजार या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यावर लिहिलं, पण तेव्हा युद्ध चालू होतं, कुणी लक्ष दिलं नाही. १९६४-६५ च्या बेल्जियन मोहिमेतल्या जाँ लेओनार यांनी बाजारातल्या त्या हिरव्या वड्या पुन्हा पाहिल्या आणि मग जगाचं लक्ष गेलं.

पक्ष्यांनी तर माणसाच्या आधीच हे शोधलेलं आहे. पूर्व आफ्रिकेतल्या सोड्याच्या सरोवरांवर लाखोंनी जमणारे छोटे रोहित पक्षी मुख्यतः याच शेवाळावर जगतात, आणि त्यांचा गुलाबी रंग त्यातल्याच रंगद्रव्यांचा असतो. ही रंगाची गोष्ट लक्षात ठेवा.

१९६० च्या दशकात शेवाळाला एकदम भाव का आला? कारण जगात प्रथिनांचा दुष्काळ येणार अशी भीती होती. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी तसा अहवालच काढला. सुक्या स्पिरुलिनात ५५ ते ७० टक्के प्रथिनं, मग हेच उद्याचं अन्न असं म्हटलं जाऊ लागलं. याच वेळी एक मराठी माणूस उलट बोलत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, रोमच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख, नंतर पुण्यात स्थायिक. त्यांनी आकडे मांडून सांगितलं की भारतात ज्याला प्रथिनं कमी पडतात त्याला बहुतेक वेळा मुळात पोटभर अन्नच कमी पडतं. भाकरी आणि डाळ पुरेशी मिळाली तर प्रथिनांची तूट बरीचशी भरून निघते. सुखात्म्यांच्या इतर काही निष्कर्षांवर पुढे कडाक्याचे वाद झाले, ते रास्तही होते. पण 'कमी काय आहे ते आधी मोजा, मग पूरक विका' ही त्यांची शिस्त मला आजच्या पाकिटालाही लावावीशी वाटते.

माणसाच्या ताटात शेवाळ सहज बसेना, वास आणि रंग आडवे आले. मग कोंबडीकडे वळणं स्वाभाविक होतं. १९८३ मध्ये लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या सक्सेना आणि सहकाऱ्यांनी सांडपाण्यावर स्पिरुलिना वाढवून ती कोंबडीखाद्यासाठी वापरण्यावर काम प्रसिद्ध केलं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एल. व्ही. वेंकटरामन यांनी शेवाळावर वर्षानुवर्षं काम केलं. १९९४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ब्रॉयलर पिल्लांच्या खाद्यातली मासळी आणि शेंगदाण्याच्या पेंडीची प्रथिनं काढून त्या जागी स्पिरुलिना दिली. निष्कर्ष काय? वजनात फरक नाही, मांसाचा रंग मात्र गडद. म्हणजे मासळीच्या जागी चालतं, पण मासळीहून सरस ठरलं नाही.

इथे आमच्या न्यायशास्त्रातली दोन हत्यारं काढतो. अन्वय आणि व्यतिरेक. जिथे धूर तिथे अग्नी, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, हा व्यतिरेक. कारण सिद्ध करायला दोन्ही हवेत. पावडर दिली आणि अंडी वाढली, एवढ्याने काही ठरत नाही. थंडी संपली असेल, दिवस मोठा झाला असेल, नवीन कोंबडा आणला असेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली असेल. तशाच वयाच्या, तशाच शेडमधल्या कोंबड्यांना पावडर न देता बाजूला ठेवायला पाहिजे. शास्त्रज्ञ ज्याला नियंत्रण गट म्हणतात तो आपला व्यतिरेकच.

असा प्रयोग हवाई बेटांवर रॉस आणि डॉमिनी यांनी १९९० साली प्रसिद्ध केला. पाकिटावरच्या 'फलनक्षमता' या शब्दामागे असलेल्या आधारांपैकी हा एक, म्हणून नीट ऐका. लेगहॉर्न नरपिल्लांना खाद्याच्या १० आणि २० टक्के स्पिरुलिना दिली तर त्यांची वाढ खुंटली. ब्रॉयलरना दीड ते बारा टक्के दिली, शेवटच्या वजनात फरक नाही. मग जपानी लावी पक्ष्यांना तसंच दिलं. अंड्यांची संख्या वाढली नाही. बलक गडद झाला. आणि हो, स्पिरुलिना खाणाऱ्या सगळ्या गटांत फलित अंड्यांचं प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. मात्र फलित अंड्यांतून पिल्लं निघण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

तर आधार आहे, पण तो लावी पक्ष्यांचा आहे, आणि फलनाचा आहे, उबवणीचा नाही. पाकिटावर या दोन्हींचा 'प्रजनन' असा एक शब्द होतो.

बलकाच्या रंगाचं मात्र पक्कं आहे. शेवाळातली पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं बलकात उतरतात, रोहित पक्ष्याच्या पिसांत उतरतात तशी. पिवळ्या मक्याऐवजी बाजरी किंवा तांदळाची कणी दिली की बलक फिका होतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. पण मोठे उत्पादक त्यासाठी झेंडूच्या फुलांचा अर्कही वापरतात, आणि मोकळी कोंबडी हिरवा पाला खाऊन तेच करते.

प्रतिकारशक्तीचं काय? नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात कुरेशी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की थोडी स्पिरुलिना खाणाऱ्या कोंबड्यांत रोगजंतू गिळणाऱ्या पेशी जास्त तत्पर होत्या आणि प्रतिद्रव्यं तयार होण्याचा प्रतिसादही बरा होता. चांगलं काम आहे ते. पण पेशी तत्पर होणं आणि कोंबडी साथीत वाचणं यांत बरंच अंतर आहे. आणि हे अंतर आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

नवापूर इथून लांब नाही. २००६ च्या सुरुवातीला तिथल्या अंडी उत्पादक शेडमध्ये कोंबड्या मरू लागल्या. आधी वाटलं मानमोडी, म्हणजे राणीखेत. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं, एच५एन१. भारतातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यात. मग तीन किलोमीटरच्या टापूतले सगळे पक्षी मारायचे. सगळे, म्हणजे शेडमधले लाखो आणि आदिवासी पाड्यांवर झोपडीपुढे फिरणारे पाच-सहा सुद्धा. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात तर परसातल्या कोंबड्यांतच साथ निघाली. ज्या घरात कोंबडी म्हणजे अडीनडीचा पैसा, पाहुण्याचं जेवण आणि देवाचं देणं, तिथून कुणी पोत्यात भरून कोंबड्या नेल्या तर सरकारी भरपाईने काय काय भरून येणार? माणसांत लागण आढळली नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला ते सगळं पुन्हा घडलं.

म्हणून 'प्रतिकारशक्ती' हा शब्द या भागात सैल वापरणं मला पटत नाही. हा विषाणू पायताणातून, गाडीच्या चाकातून, अंड्यांच्या ट्रेमधून, पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून येतो. त्याला अडवायचं तर शेडच्या दारात चुन्याची, जंतुनाशकाची व्यवस्था लागते, बाहेरच्या पक्ष्यांना जाळी लागते, आणि पहिली मर झाली की लपवून न ठेवता पशुवैद्यकाला कळवावं लागतं. राणीखेतसाठी लस आहे, स्वस्त आहे. ग्रॅमभर शेवाळ यातल्या कशाच्याही जागी चालत नाही.

फलनाचाही असाच विचार करा. पिंजऱ्यातल्या अंडी देणाऱ्या शेडमध्ये कोंबडा नसतोच. ती अंडी फळणारी नाहीत, फळायची गरजही नाही. तिथे फलनक्षमता वाढवणारं पूरक विकणं म्हणजे ब्रह्मचाऱ्याला बारशाचं आमंत्रण. फलनाची काळजी कुणाला? उबवणी केंद्राला, आणि खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवणाऱ्या घरच्या बाईला. तिच्याकडे अंडी फळत नसतील तर आधी बघायच्या गोष्टी साध्या आहेत. दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा आहे का? तो म्हातारा तर झाला नाही? अंडी आठवड्याहून शिळी आहेत का? खानदेशी उन्हाळ्यात तर कोंबड्याच्या वीर्याची प्रतच घसरते, तेव्हा सावली आणि गार पाणी हेच औषध.

थोडा हिशेबही करू. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम खाद्य खाते. एक टक्का शेवाळ म्हणजे एक ग्रॅम. शंभर कोंबड्यांना महिन्याला तीन किलो. स्पिरुलिना ही माणसांच्या औषधी दुकानाच्या भावाने विकली जाणारी वस्तू आहे, मक्याच्या कितीतरी पट महाग. गडद बलकाला जास्त भाव मिळणाऱ्या शहरी गिऱ्हाइकासाठी, किंवा पैदाशीच्या कळपासाठी, तो हिशेब एखादवेळेस बसेल. मोकळ्या गावरान कोंबडीसाठी बसणार नाही, कारण तिला त्यातलं बरंच उकिरड्यावर मिळतंय. आणि 'ब-१२' साठी म्हणून कुणी विकत असेल तर ऐकून ठेवा, स्पिरुलिनातलं बहुतेक 'ब-१२' हे नकली रूपातलं असतं, माणसाच्या शरीराला ते उपयोगी पडत नाही.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो, कारण तिच्यात जिवाचा प्रश्न आहे. पावडर महाग आहे हे ऐकून कुणाच्या मनात येईल की गावतळ्यावरची हिरवी साय आहेच की, तीच घालू. कृपा करून घालू नका. सांडपाणी आणि खत उतरलेल्या तळ्यावर उन्हाळ्यात जो रंग कालवल्यासारखा तवंग येतो, तो पुष्कळदा मायक्रोसिस्टिस नावाच्या निळ्या-हिरव्या शेवाळाचा असतो. एकाच मोठ्या घराण्यातलं, पण विषारी. त्याचं विष यकृतावर जातं आणि उकळूनही जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचं असं पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, डुकरं मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ सालीच केली आहे. तवंग असलेल्या पाण्यावर कोंबड्याही सोडू नका आणि गुरंही.

ज्यांना हिरवं पूरक द्यायचंच आहे त्यांच्यासाठी गावात करण्यासारखी वस्तू म्हणजे अझोला. हे शेवाळ नव्हे, पाण्यावर तरंगणारं इवलंसं नेचं आहे. पण त्याच्या पानाच्या पोकळीत निळं-हिरवं शेवाळ भाड्याने राहतं, अॅनाबिना नावाचं. ते हवेतला नत्र पकडून मालकाला देतं, म्हणून अझोलात प्रथिनं भरपूर, वाळल्यावर साधारण २० ते २५ टक्के. कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्रातल्या कमलासनन पिल्लै यांनी ते जनावरांचं खाद्य म्हणून लोकांपर्यंत नेलं, पुढे कृषी विज्ञान केंद्रांनीही शिकवलं. खड्ड्यात प्लास्टिकचा कागद, त्यावर चाळलेली माती, शेणाची रबडी, थोडं सुपर फॉस्फेट, वर चार बोटं पाणी. सावली हवी. ओल्या अझोलात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे दाणे कमी करून तेवढाच अझोला देऊ नका, कोंबडी उपाशी राहील. दाण्यांवर मूठभर, एवढंच. आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात तो टिकवणं कठीण, झाडाखाली किंवा शेडनेटखाली खड्डा केला नसेल तर करपतो. पावसाळा लागला की पुन्हा बी सोडायचं, दोन आठवड्यांत खड्डा भरतो.

माझं सांगून झालं. आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि अझोला ज्यांनी करून पाहिला आहे त्यांनी आधी बोलावं.